उठून जाता येईल असं टेबल

रीनो, रविवार दुपार

प्रिय काती,

तुझे दोन्ही निरोप फोनच्या मशीनवर ऐकले. दुसऱ्यातला आवाज कोर्टातला होता. "अमा, काय ठरलं ते एकदाचं सांग." फोन करता आला असता, पण फोनवर तू मला तीन वाक्यांत गुंडाळतेस आणि मी "बघू, बघू" म्हणत सुटका करून घेते. पत्राला मध्येच तोडता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. शेगडीवर लसणाचं सूप रटरटतंय, डोंगरमाथा काल रात्रीपासून पांढरा झालाय, आणि आमच्या लग्नाच्या वर्षी तुझ्या आइतांनी लावलेल्या जर्दाळूची सगळी पानं शेजाऱ्याच्या अंगणात गेली आहेत. तो कुरकुरतोय. कुरकुरू दे. उन्हाळ्यात जर्दाळू खाताना कुरकुरत नाही.

आधी बातम्या. ऑर्व्हिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन चालतो आणि भेटेल त्याला गुडघा दाखवतो. तुला तो आठवत असेलच, माझ्या पत्त्यांच्या टेबलावरचा उंच, टक्कल पडलेला, तुला पुदिन्याच्या गोळ्या पाठवणारा. दुसरी बातमी म्हणजे ट्रकी क्लबातलं आमचं टेबल गेलं. फेरिसने, म्हणजे तिथल्या पत्त्यांच्या खोलीचा कारभार बघणाऱ्याने, उन्हाळ्यातच कानावर घातलं होतं की मालकाला त्या जागी नाणी टाकून खेळायची जुगाराची यंत्रं बसवायची आहेत. यंत्रं चहा मागत नाहीत, भांडत नाहीत, पहाटेपर्यंत खणखणत राहतात. शेवटच्या दिवशी आम्ही सहाजण नेहमीच्या खुर्च्यांवर बसून खेळलो. निघताना ऑर्व्हिल मला म्हणाला, "ग्रेस, सोमवारपासून नदीपलीकडच्या मोठ्या हॉटेलात. तिथे रोखीची चार टेबलं आहेत. तुझी खुर्ची मी धरून ठेवतो." मी त्यालाही "बघू" म्हटलं. काय घडलं ते आता नीट सांगते. क्लबातल्या लुपेने तुला अर्धवट सांगितलं असेल, आणि ती गोष्टीत मीठ जास्त घालते.

तुला त्या दिवसांतलं किती आठवतं कुणास ठाऊक. तुझे आइता मेंढ्यांनी भरलेला ट्रक घेऊन घाट चढले आणि बर्फाने त्यांना परत येऊ दिलं नाही; मी तिशीत विधवा झाले. तू तेव्हा नुकती पहिलीत गेली होतीस. माझ्या हाताला येत होतं काय? चादरी धुणं, बीन्स शिजवणं, आणि पत्ते. माझ्या वडिलांच्या खाणावळीत हिवाळ्यात डोंगरावरून मेंढपाळ उतरायचे आणि जेवणं झाली की मुसचा डाव मांडायचे. चौथा भिडू कमी पडला की मला बसवायचे, पाय जमिनीला पोचत नव्हते तेव्हापासून. मुसमध्ये जोडीदाराला डोळ्यांनी खुणा करायच्या आणि समोरच्याच्या गळ्यात खोटं खरं म्हणून बांधायचं. माझे वडील म्हणायचे, "ग्रासियाना, चर्चमध्ये खरं बोलायचं. मुसला बसलीस की तुझी मर्जी." पोकर मला कुणी वेगळं शिकवलं नाही. शिकलेलं फक्त इंग्रजीत आणलं, आणि ग्रासियानाची ग्रेस झाले.

चादरी धुऊन दोघींचं पोट भरत नव्हतं, तेव्हा मी ट्रकी क्लबात जाऊन बसले. बायका त्या खोलीत पेलेच घेऊन यायच्या. पहिल्या दिवशी एकाने माझ्याकडे कॉफी मागितली. मी त्याला कॉफी आणून दिली, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि जेवणवेळेपर्यंत त्याच्यापुढच्या, पैसे भरून घेतलेल्या सगळ्या चकत्या माझ्याकडे आणल्या. त्यानंतर कुणी कॉफी मागितली नाही.

तिथे दोन तऱ्हेचे डाव चालायचे आणि तू मला कितीदा तरी विचारलंयस की मी दुसऱ्याकडे का वळले नाही. रोखीच्या टेबलावर प्रत्येक चकती म्हणजे खरा पैसा. वाटेल तेव्हा बसा, वाटेल तेव्हा उठा, उरलेल्या चकत्या खिडकीवर द्या आणि पैसे घेऊन घरी जा. मंगळवारी छोटी टूर्नामेंट असायची; रोजची टेबलं गेली तरी मागच्या खोलीत ती अजूनही असते. तिथे सगळे सारखंच प्रवेशशुल्क भरतात, सगळ्यांना सारख्याच चकत्या मिळतात, पण त्यांचा खिडकीवर उपयोग नाही. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. शेवटच्या दोघा-तिघांना बक्षीस, बाकीच्यांना गार वारा. आणि डाव सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही. फेरिस तेव्हा तरणा होता. मागे लागायचा, "ग्रेस, तू मंगळवारी बस. ही माणसं रोज थोडं थोडं देतात तुला, तिथे एका दिवसात महिन्याचं होईल." मी म्हणायचे, "आणि माझी मुलगी शाळेच्या पायरीवर बसून राहील."

मला उठून जाता येईल असं टेबल हवं होतं. दुधाच्या रतिबासारखं काम ते. रोज थोडं, शांतपणे, चांगले पत्ते येईपर्यंत थांबून. शाळा सुटायची वेळ झाली की मी जिंकत असले तरी उठायचे, हरत असले तरी उठायचे. ऑर्व्हिल सुरुवातीला फार छळायचा. "उठा हो, घंटा झाली. ग्रेसबाईंचा पहिलीचा वर्ग सुटला." दुसरीत गेलीस तेव्हा तो "दुसरीचा वर्ग" म्हणायला लागला. एकाही इयत्तेत चुकला नाही. एकदा एक नवीन माणूस करवादला की ही बाई जिंकली की पळते, हे काय रीतीला धरून नाही. ऑर्व्हिलने मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, "ती हरत असतानाही याच वेळेला जाते. तू आपले पत्ते बघ."

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तू तिसरीत असशील. माझ्या हातात तीन राण्या होत्या आणि मध्ये एवढी रास जमली होती की तशी मी पुन्हा पाहिली नाही. तेवढ्यात फेरिस आला आणि कानाशी म्हणाला, "शाळेतून फोन होता. बर्फ वाढतोय, मुलांना लवकर सोडतायत." एक डाव पुरा करायला कितीसा वेळ लागतो? पण बर्फ पडायला लागला की तू खिडकीला नाक लावून उभी राहायचीस आणि मी दिसेपर्यंत कोट घालून घ्यायची नाहीस, हे तुझ्या बाईंनी मला सांगितलं होतं. मी पत्ते पालथे ठेवले आणि निघाले. तू कोटाची बटणं लावताना मला विचारलंस, "आज जिंकलीस?" मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते.

आता अलीकडच्या गोष्टीकडे ये. टेबल गेल्यावर माझ्यापुढे तीन वाटा होत्या. ऑर्व्हिलबरोबर मोठ्या हॉटेलात जाऊन पुन्हा रोखीचं टेबल धरायचं. नाहीतर मंगळवारच्या टूर्नामेंटला बसायचं. आणि तिसरी वाट म्हणजे बोईसीला तुझ्या घरी कायमचं राहायला यायचं, तू माझ्यासाठी रंगवून ठेवलेल्या त्या पिवळ्या खोलीत. दोन दिवस हॉटेलात जाऊन पाहिलं. टेबल चांगलं, माणसं चांगली, पत्तेही चांगले. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मी नेहमीसारखी उठले, चकत्या खिडकीवर दिल्या, गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवली आणि मग लक्षात आलं की जायचं कुठे? तुझी शाळा सुटून किती वर्षं झाली. गाडी तशीच घुरघुरत ठेवून मी बराच वेळ बसले. घराचं कर्ज फिटलंय, माझं एकटीचं भागतंय. मग मी अजून कुणासाठी उठते?

त्याच्या पुढच्या मंगळवारी मी ट्रकी क्लबात जाऊन नाव घातलं. ऑर्व्हिलला कळलं तेव्हा तो गुडघा विसरला. "टूर्नामेंट? ग्रेस, ती लॉटरी आहे. पोरं काळे चष्मे घालून बसतात आणि एकदम सगळं पुढे ढकलतात. आपल्यासारख्यांचं काम नाही ते." मी म्हटलं, "तुझ्यासारख्याचं नसेल."

पण खरं सांगायचं तर पहिले काही मंगळवार माझी फजितीच झाली. मी रोखीच्या टेबलासारखी खेळत होते, चांगल्या पत्त्यांची वाट बघत. तिथे वाट बघणं स्वस्त असतं. इथे पत्ते बघायच्या आधीच पाळीपाळीने रक्कम टाकावी लागते आणि ती थोड्या थोड्या वेळाने वाढत जाते. नुसतं थांबून राहिलं तर उन्हात ठेवलेल्या लोण्यासारख्या चकत्या विरघळतात. हे मला लवकर कळलं, सुधारलंही. तरी मी बाहेर पडतच राहिले, आणि दर वेळी कुठल्यातरी भिकार पत्त्यांवर सगळं उधळून. माझं मलाच समजेना. मी कधी अशी खेळले नाही.

समजलं लुपेला. ती आता तिथे पत्ते वाटते. एकदा मी अशीच बाहेर पडून कोट घालत होते, तर ती तिच्या सुट्टीत कॉफी घेऊन जवळ आली. म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुम्ही हरत नाही. तुम्ही निघून जाता." मी विचारलं, म्हणजे काय? "दुपार कलली की तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागता. मग खुर्चीत पुढे सरकता. मग हातात काय आहे ते न बघता सगळं देऊन टाकता. दर मंगळवारी त्याच वेळेला. मला वाटलं, तुम्हाला कुठे पोचायचं असतं."

काती, मी घरी आले आणि हसले. मग थोडी रडलेही, पण आधी हसले. इतकी वर्षं मोडली नाही ती सवय माझ्या पायांत राहिली होती. डोक्याला माहीत होतं की तू बोईसीत काळा झगा घालून लोकांचे खटले चालवतेस. पायांना वाटत होतं की तू पायरीवर बसली आहेस.

पुढच्या मंगळवारी वेळ जवळ आली तशी पायांना ती ओढ लागली. या वेळी मी ती ओळखली. दोन्ही तळपाय जमिनीवर घट्ट ठेवले आणि मनात म्हटलं, पोरगी घरी पोचली आहे. जेवली आहे. तिला स्वतःचा पोरगा आहे. हातातले भिकार पत्ते टाकून दिले. पुढचेही टाकले. मग चांगले आले, तेव्हा खेळले. घड्याळाकडे पाहिलं नाही असं नाही म्हणत, पण खुर्चीत पुढे सरकले नाही. पुन्हा मान वर केली तर अर्ध्याहून अधिक टेबलं रिकामी झाली होती.

संध्याकाळ होता होता आम्ही दोघंच उरलो. मी आणि ट्रेंट नावाचा पोरगा, काळा चष्मा, कानात काहीतरी खुपसलेलं, इथल्या विद्यापीठात गणित शिकतो. कठड्यापलीकडे ऑर्व्हिल काठीवर रेलून उभा. लॉटरी बघायला आला होता म्हणे. ट्रेंटने कानातलं काढलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "आजी, बक्षीस वाटून घेऊ या का? लोक घेतात तसं. तुम्हालाही घरी जायचं असेल." मी म्हटलं, "बाळा, माझी घरी कुणी वाट बघत नाही. पत्ते वाटू दे." लुपेने मान खाली घातली, पण ती हसत होती हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं.

एक डाव तुला सांगायलाच हवा. मधे पाच पानं उघडी असतात, दोघांसाठी सामाईक, आणि प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली. त्या पाचांतली तीन बदामाची पडली होती, म्हणजे ज्याच्या हातात आणखी दोन बदाम त्याचा डाव. माझ्या हातात काळी सत्ती आणि काळी छक्की, म्हणजे नुसता कचरा. ट्रेंट प्रत्येक पानावर रक्कम वाढवत होता. पण तिसरं बदाम पडलं तेव्हा त्याचा हात चकत्यांवर जरासा थबकला. मुसमध्ये मुरलेल्या मेंढपाळाच्याही लक्षात आलं नसतं. माझ्या आलं. त्याच्याकडे मोठी जोडी होती, बदाम नव्हतं. मी माझ्यापुढचं सगळं दोन्ही हातांनी पुढे सारलं.

असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. रोखीच्या टेबलावर थाप मारली ती छोटी, बेताची. कारण पुढे सारायची प्रत्येक चकती कुणाचे तरी बूट होती, कुणाच्या तरी दाताचं बिल होती. तुझे बूट थापेवर लावायला मी तयार नव्हते. त्या संध्याकाळी प्रथमच माझ्यापुढची रास फक्त माझी होती. मी हात मांडीवर ठेवले आणि माझ्या वडिलांनी शिकवलं होतं तसं समोरच्याच्या कपाळाकडे बघत राहिले. ट्रेंटने चष्मा काढला. पोराचे डोळे छान आहेत, उगाच झाकतो. खूप वेळाने त्याने दोन राजे सुलटे करून टेबलावर ठेवले आणि डाव सोडला. "आजी, तुमचे दाखवा ना." मी म्हटलं, "पैसे भरले असतेस तर दाखवले असते." कठड्यापाशी ऑर्व्हिलची काठी खाली पडली.

जिंकले म्हणून मात्र कुणाला सांगू नकोस, कारण मी जिंकले नाही. त्यानंतर बराच वेळ चकत्या इकडच्या तिकडे होत राहिल्या. शेवटी माझ्याकडे एक्का-राणी, त्याच्याकडे एक्का-नव्वी, दोघांनी सगळं पुढे सारलेलं आणि त्याची रास माझ्यापेक्षा बोटभर उंच. माझे पत्ते वरचढ होते. शेवटचं पान नव्वी पडली, त्याची जोडी झाली आणि माझं सगळं गेलं. त्याने उठून हात पुढे केला आणि म्हणाला, "आज तुम्ही जास्त चांगलं खेळलात." मी म्हटलं, "माहीत आहे मला." ऑर्व्हिल मला गाडीपर्यंत सोडायला आला. तो कधी न बोलता राहत नाही, पण त्या दिवशी दार उघडून धरून एवढंच म्हणाला, "ग्रेस, तू हे आधी का नाही केलंस?"

त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण ते आधी तुला द्यायचं होतं. गेल्या वसंतात तू न्यायाधीश म्हणून शपथ घेतलीस तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. झग्यात तू तुझ्या आइतांइतकी उंच दिसलीस. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगितलं, ती माझी आहे. आणि मग तू भाषणात म्हणालीस, "माझ्या आईने माझ्यासाठी स्वतःचा डाव सोडला." लोकांनी रुमाल काढले. मी टाळ्या वाजवल्या, पण ते वाक्य मला घरापर्यंत टोचत राहिलं, आणि पिवळी खोली त्याच वाक्यातून निघाली आहे हेही मला कळतं. तेव्हाच खोडून काढायला हवं होतं, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. दुसरा डाव मी कधी खेळलेच नव्हते, मग कोणत्या तोंडाने सांगणार? आता खेळले. मला तो येतो, चांगला येतो आणि फार आवडतो. मंगळवारी मी तिथेच असेन, म्हणून बोईसीला राहायला येणार नाही. नाताळात येईन, माझ्या नातवाला, पेयोला, मुस शिकवीन, तुझ्या पिवळ्या खोलीत झोपेन आणि परत जाईन. आणि न्यायाधीशबाई, नोंदीत एवढी दुरुस्ती करून घ्या. तुझ्या आईने काहीही सोडलं नव्हतं. तिच्यापुढे दोन टेबलं होती, दोन्हींवर बसायची तिची ताकद होती, आणि तिने एक निवडलं. आज मला कुणी पुन्हा तिशीत नेऊन ठेवलं आणि तुझा पहिलीचा वर्ग सुटायचा असला, तर मी त्याच खुर्चीत जाऊन बसेन.

तुझीच,
अमा